तानाबाईचा गोठा

सयाजी : पावणं, तो दिवा जरा पलीकडं घ्या. म्हस बुजालीया.

यशराज : काका, दिव्याशिवाय गोठ्यात काय दिसणार? कोल्हापुरातनं मुरगूडला काय अंधार शूट करायला आलोय का?

सयाजी : म्हस धारंला हुबी हाय, फोटूला न्हवं.

स्वप्नाली : आबा, जरा नीट बोला की. यशराजदादांच्या चॅनेलला लाखांनी माणसं हायत. ते आपल्या गोठ्यात आलेत, हेच लई झालं.

सयाजी : मग मी काय वंगाळ बोललो? च्या दिला, खाट टाकली. आता धारंचा टाइम झाला. पोरी, तू फोन लाव.

स्वप्नाली : लावतो. थांबा जरा.

यशराज : धार काढताना फोन? कुणाला लावताय?

सयाजी : कुणाला न्हाय. हिच्या आईचा व्हिडिओ लावायचा, काजळीच्या कानाशी.

यशराज : म्हशीला व्हिडिओ दाखवता?

सयाजी : ऐकवतो. पावसाळ्यात हिचं पारडू मेलं. पारडू न्हाय म्हटल्यावर म्हस पान्हा सोडंना. मग तानाबाई, माझी मालकीण, हिच्यापाशी बसून बोलत ऱ्हायची. बोलत बोलत धार काढायची. त्यावर हिनं दूध सोडलं. पुढं दिवाळीच्या तोंडावर तानाबाईच गेली. आता माझ्या नुसत्या हाताला ही थेंब देत न्हाय. पर फोनवर तिचं बोलणं लागलं की कान हलवती आन गप हुबी ऱ्हाती.

यशराज : काका! थांबा, थांबा. हे परत सांगा, इकडं बघून. स्वप्नाली, एवढी गोष्ट फोनवर बोलली नाहीस तू मला? आपलं कोलॅब हेच आहे की!

सयाजी : कोलॅब म्हंजे?

यशराज : तुमचं आणि माझं मिळून एक काम. माझी माणसं तुमचा चॅनेल बघणार, तुमची माझा.

सयाजी : म्हंजे पैरा. आज तुझी बैलं माझ्या रानात, उद्या माझी तुझ्या रानात.

यशराज : बरोब्बर!

सयाजी : पर आमच्याकडं बैलंच न्हाईत की, पावणं. 'तानाबाईचा गोठा' बघणारा मी एकटा. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. आन ही म्हस. स्वप्ने, लाव की गं. कास ताटलीया बघ तिची.

स्वप्नाली : रेंज न्हाय, आबा.

यशराज : माझ्याकडं फुल आहे. थांबा, मीच लावतो. तानाबाईचा गोठा... सापडला. एकच व्हिडिओ दिसतोय इथं. खवा करतानाचा.

सयाजी : तो हिचा. हिच्या आईचे खाली असतील. लई हायत, वर्षभर टाकालती ती.

यशराज : खाली काही नाही, काका.

सयाजी : नीट बघा की.

यशराज : स्वप्नाली?

स्वप्नाली : तुम्हीच बोललासा की, दादा. मी येण्याआधी चॅनेल साफ कर. हलणारे, बघायला कोण नसलेले व्हिडिओ काढून टाक.

यशराज : बोललो. पण कॉपी असणार असं धरून बोललो. सगळे ठेवतात.

सयाजी : काढलंस? काढून ठेवलंस कुठं? तिथनं आण जा.

स्वप्नाली : कुठं ठेवल्यालं न्हाय, आबा. पुसलं.

सयाजी : कवा?

स्वप्नाली : दुपारी. मला वाटलं, आईच्या फोनात असतीलच. मागनं तिचा फोन चार्जिंगला लावून बघितला. एक बी न्हाय. फोन भरतोय म्हणून व्हिडिओ चढवला की ती लगेच पुसून टाकायची.

सयाजी : कुणाला धाडला असंल एखादा. तुझ्या मावशीला?

स्वप्नाली : लाजायची ती. कुणाला सांगितलं बी नव्हतं. मावशीला आईचा चॅनेल हाय हे आई गेल्यावर, मातीदिवशी कळलं.

सयाजी : मग दुपारपासनं गप का बसलीस?

स्वप्नाली : कोणच्या तोंडानं सांगू?

यशराज : काका, चूक माझीही आहे.

सयाजी : तुमी थांबा. पावणं, त्या कंपनीला फोन करून परत मागता येतंय का, तेवढं सांगा.

यशराज : नाही. एकदा पुसलं की नाही येत.

सयाजी : असं कसं? केवढाल्या कंपन्या त्या.

यशराज : नाही येत, काका.

स्वप्नाली : आबा, मी आईसाठीच केलं हो. एवढी माणसं पहिल्यांदा येणार. आल्याआल्या काय बघणार? फोन भिंतीला टेकवून ठेवल्याला. त्यात म्हशीचे पाय, बादली आन आईचं निम्मं कोपर. हसली असती लोकं. मला वाटलं, आधी माणसं येऊ देत. मग आईचं नाव चांगलं मोठं करू.

सयाजी : कोपर तरी हुतं.

यशराज : काका, म्हशीचं काय करायचं आता? पाय आपटायला लागली ती.

सयाजी : कास दुखत असंल. आज धार निघाली न्हाय तर उद्या सुजंल. मग डॉक्टर, सुया, सगळं.

यशराज : रागवू नका, पण काही ठिकाणी घरच्या बाईची साडी नेसून माणसं धार काढतात. वासानं म्हैस फसते म्हणे. मी शूट नाही करत. म्हणजे, तुम्ही हो म्हटलात तरच.

सयाजी : साड्या वाटल्या बारावं झाल्यावर. भावकीतल्या बायास्नी. एक बी ठेवली न्हाय, माझी थोरली आक्का म्हणाली ठेवू नये. आन तो कॅमेरा बंद करा आदी. हे तुमच्या माणसास्नी दावायचं न्हाय.

यशराज : बंद केला.

स्वप्नाली : आबा, मी बोलून बघतो. माझा आवाज आईसारखा हाय म्हणतात सगळी. काजळे... काजळे, ये गं बाय... पान्हा सोड की गं...

सयाजी : रडत बोलू नको. तुझी आई रडत न्हवती बोलत. वराडायची. शेजारी म्हणायचे, भांडाण लागलंय काय गोठ्यात.

स्वप्नाली : काय बोलायची ती? मला आठवंनाच झालंय.

सयाजी : काय बी. कुणाच्या सुनंनं काय केलं. माझ्या चुगल्या करायची म्हशीपाशी. 'तुझा मालक आज मिठावरनं रुसून बिनजेवता रानात गेलाय, बघ. येतोय दुपारी शेपूट घालून.' असलं.

स्वप्नाली : काजळे, तुझा मालक आज... मिठावरनं...

सयाजी : सर, सर मागं! लाथ लागंल. लागली काय?

स्वप्नाली : न्हाय. बादली गेली.

सयाजी : जाऊ दे. रिकामीच हुती.

यशराज : काका, माझ्याकडं एक आहे.

सयाजी : काय?

यशराज : तानाबाईमावशींचा आवाज. जाहिरात म्हणून छोटासा तुकडा केला होता गेल्या आठवड्यात, तुमच्या चॅनेलवरनंच घेऊन. लक्षातच नव्हतं. थांबा, लावतो.

(यशराजनं फोन काजळीच्या कानाशी धरला. हलगी कडाडली, वर सनई. त्याच्या तळाशी कुठंतरी एक बाई म्हणत होती, 'सरक गं बये, माझ्याच अंगावर रेलतीस व्हय?' म्हशीचा कान एकदा हलला आणि पडला. सयाजीचा हात तिच्या पाठीवर तसाच राहिला.)

सयाजी : हे कोण वाजवालंय?

यशराज : गाणं घातलंय मागं. नुसतं बोलणं ऐकायला कोण थांबत नाही, काका.

सयाजी : काढा ते गाणं.

यशराज : गाणं आणि आवाज एकत्र झालेत. बिनगाण्याचं मी ठेवलं नाही. पण एक ॲप आहे, गाणं बाजूला करतंय. एक मिनिट द्या. झालं. ऐका आता.

सयाजी : ही कोण?

यशराज : तानाबाईमावशीच. गाणं काढलंय फक्त.

सयाजी : न्हाय, ही तानाबाई न्हवं. पत्र्याच्या डब्यातनं बोलल्यागत येतंय. बघा, म्हस बी मागं सरकाय लागली. बंद करा.

यशराज : ॲपनं गाण्याबरोबर आवाजाचाही थोडा भाग जातो. दुसरं एक ॲप आहे, पैसे भरून—

सयाजी : नको. आता काय बी पुसू नका त्यातलं.

स्वप्नाली : आबा, मग म्हशीचं कसं करायचं?

सयाजी : पहिलं हुतं तेच लाव. गाण्यासकट. आन बादली दे हिकडं, धुऊन.

स्वप्नाली : ती सोडायची न्हाय हो दूध, त्या हलगीत.

सयाजी : आज न्हाय सोडणार. उद्या बी न्हाय. लावून तर ठेव. तिला बी कळंल, आता एवढीच हाय म्हणून.