डावीकडचा समुद्र

माझी गाडी धुऊन होईपर्यंत मी गॅरेजच्या बाकावर बसलो होतो. समोर एक लाल, जुनी, दोन सीटची स्पोर्ट्स कार होती. तिच्यापाशी मेकॅनिक, एक बाई आणि तिची म्हातारी आई.

“ताई, टाकी गंजलीय, ब्रेक जाम झालेत. पण इंजिन अगदी कोरं आहे. गाडी चालवलीच नाही का?”

“बाबांनी हौसेनं घेतली आणि वर्षाच्या आत त्यांची नजर गेली. तेव्हापासून ती घरीच बंद होती.”

“मग दोन्ही सीट इतक्या कशा झिजल्या?”

“आई, तूच सांग आता.”

“अहो, रोज संध्याकाळी फिरायला जायचो आम्ही. हे स्टिअरिंगवर, मी शेजारी. मी रस्ता सांगायची.”

“बंद गाडीत, काकू?”

“बंद कसली! घाट लागला की हे गिअर बदलायचे. समुद्र आला की मी काच खाली करायची.”

“आणि मला वाटायचं, तुम्ही दोघं आत भांडताय.”

“भांडायचोच. वळण चुकवायचे ना हे!”

“आता गाडी सुरू झाली की पहिली चक्कर बाबांना. मी चालवीन.”

“ने की. फक्त चौकातून डावीकडे वळलीस की काच खाली कर, आणि समुद्र आला म्हणून सांग त्यांना.”

“अगं आई, तिथे सिमेंटचं गोदाम आहे.”

“ते तुझ्या रस्त्यावर, बाळा.”