ओढ्याच्या वाटेवर पाणी मागणारे

ऐका. जवळ सरका, आन् तो कंदील कोपऱ्यात ठेवा, माझ्या डोळ्यांवर येतोय. ज्याला अंगणात जाऊन यायचंय त्यानं आत्ताच जाऊन या. मागनं मला सांगू नका, आजोबा, सोबत चला म्हणून. मी येणार नाही.

तर गिरजाक्का निघाली, तेव्हा सगळं गाव झोपलं होतं. अमावस्या नव्हती हो, उगाच कशाला खोटं सांगू? वद्य अष्टमी होती. अर्धा चंद्र नुकता कुठं वर आलेला. डोक्यावर पदर, पायात लेकाच्या जुन्या चपला, आन् पोटाशी घट्ट धरलेली पिशवी. पिशवीत बर्फ. बर्फात काचेची बाटली. बाटलीला बूच, बुचावर लाल लाख, लाखेवर ठसा. तेवढी बाटली उजाडायच्या आत फाट्यावर पोचवायची होती. आन् वाट कुठली धरली बाईनं? ओढ्याची! ज्या वाटेनं आम्ही पुरुषमाणसं दिवसासुद्धा खाकरत, खोकत जातो, त्या वाटेनं ती एकटी.

का गेली? तेच सांगतो. घाई करू नका.

ओढ्यापलीकडं ती कंपनी आहे ना, तिचं नाव मी घेत नाही. रात्रीचं आपण सापाला लांबडं म्हणतो, तसं तिला नुसतं कंपनी म्हणायचं. तिच्या आवारात एक जुनी बोअर आहे. रात्र झाली की मोटार लावायची आन् आतलं सगळं घाण पाणी त्या बोअरमधनं जमिनीच्या पोटात सोडायचं. जमिनीच्या पोटात! आन् त्याच पोटातनं आपला हापसा पाणी ओढतो, माळावरच्या नव्या घरांच्या बोअरी ओढतात. दिवसा बघाल तर पाणी नितळ. मध्यरात्री हापसा मारला की पिवळं, आन् वास असा, की सडलेला लसूण बरा. पण नितळ होतं म्हणून काय चांगलं होतं? म्हशी गाभ टाकायला लागल्या. कुणाची किडनी गेली, कुणाच्या अंगावर चट्टे. गिरजाक्काची सून रूपाली, तिची दोन बाळं अशीच पोटातल्या पोटात गेली. ही तिसरी खेप. सातवा महिना. लेक सदा ट्रक घेऊन गुजरातेकडं गेलेला. हे मूल वाचलं पाहिजे, गिरजाक्काच्या डोक्यात दुसरं काही म्हणून नव्हतं.

तक्रार केली होती की! पाणी तपासायला एक साहेबही आला होता. भर दुपारी, ऊन रणरणत होतं. आता पाहुणा दारात आल्यावर आपण आधी काय करतो? पाणी देतो. आन् घाण पाणी कसं द्यायचं? गिरजाक्कानं रूपालीसाठी विकत आणलेल्या जारमधलं गार पाणी तांब्या भरून दिलं, वर गुळाचा खडा. साहेबानं ढेकर दिला, मिशा पुसल्या, आन् वर कळवलं, पाणी उत्तम आहे! हसू नका रे. तुमच्या आयांनीही तेच केलं असतं.

मग कुणीतरी तिला तालुक्याच्या कोर्टात धाडलं. तिथं सरकार फुकट वकील देतं, ठाऊक आहे का तुम्हाला? आन् बाईमाणसाला तर मिळकतही विचारत नाहीत. तिला मिळाली मुजावर वकीलबाई. बारीकशी, पण जीभ म्हणजे विळा.

"आक्का, साहेबाला चांगलं पाणी पाजलंत, ते आपल्या गळ्यात आलं," वकीलबाई म्हणाली. "आता रात्रीचं पाणी पाहिजे. गुरुजींना, पंचांना उभं करून भरा. त्यांच्यासमोर लाखेनं बंद करा. तारखेच्या सकाळी कोर्टानं नेमलेला तपासनीस बाटली ताब्यात घेईल. पण लाख फुटली तर जज्ज बाटलीकडं ढुंकून बघणार नाहीत."

"तुमी येशीला न्ह्याला?"

"माझी स्कूटर गावात शिरली की कंपनीच्या गेटवर कळतं. मागच्या खेपेला दोन्ही चाकं फाडली. मी फाट्यावर उभी राहते. तिथवर तुम्ही आणा."

डांबरी रस्ता जातो कंपनीच्या गेटावरनं. तिथं पहारा. म्हणून गिरजाक्का आडवाटेनं सोडशील का, असं विचारायला दत्तू जीपवाल्याकडं गेली. दत्तूनं दार अर्धंच उघडलं.

"आक्का, माझं पोरगं तितंच कामाला हाय. तू मला काय इचारलं न्हाईस, आन् म्या काय ऐकलं न्हाई." आन् लावलं दार. अर्ध्या गावाची चूल त्या कंपनीवर पेटते, कोण येणार? म्हणून ओढा. मध्यरात्री गुरुजींनी आन् पंचांनी हापशावर उभं राहून बाटली बंद करून दिली, तेवढंच.

आता ओढ्यात काय आहे ते ऐका. आपली जुनी भुतं बरी होती हो. मुंजा पिंपळावर बसायचा, तंबाखू मागायचा. हडळीचे पाय उलटे, निदान ओळखू तरी यायची. हे ओढ्यातलं नवं आहे. कंपनी आल्यापासूनचं. हे फक्त पाणी मागतं. हिसकावता येत नाही त्याला. आपण आपल्या हातानं दिलं तरच घेतं. बापू गवळ्यानं दिलं होतं एकदा, किटली उलटी करून. सकाळी ओढ्यात पालथा सापडला. डॉक्टर म्हणाला, बुडून मेलाय, छातीत पाणी आहे. अरे, चैताचा महिना! ओढ्यात ओंजळभर पाणी नव्हतं!

ए, कोण तो? तांब्या खाली ठेव. गोष्ट होईपर्यंत कुणी पाणी प्यायचं नाही.

तर गिरजाक्का ओढ्यात उतरली. वाळू कोरडी. चपला चर्र चर्र वाजतायत. करंजाच्या झाडापाशी आली आन् सावलीतनं आवाज आला.

"बाय... घोटभर पानी..."

म्हातारं माणूस. गुडघ्यात मान घालून बसलेलं. आन् गिरजाक्का काय करते? खाली बसली की! जन्माची सवय हो. मागणाऱ्याला पाणी नाही म्हणायचं नाही, आईच्या दुधाबरोबर शिकलेलं. पिशवीची गाठ सोडली. हात आत घातला. बोटांना बर्फ लागला चटकन, तेव्हा कुठं भान आलं.

"बाबा, ह्ये प्याचं पानी न्हवं. खराब हाय."

"मला चालतंय," म्हातारं म्हणालं.

चालतंय? जिवंत माणूस असं म्हणेल का कधी? गिरजाक्का उठली, गाठ मारली आन् चालायला लागली. मागं बघितलं नाही. मागं आवाज येतच होता, चालतंय, बाय, मला चालतंय.

थोडं पुढं गेली तर उजेड. दोन दिवे. इंजिनाची घरघर. दत्तूची जीप! दत्तू खाली उतरून उभा, हात जोडून.

"आक्का, मन खायाला लागलं बग. बस. फाट्यावर सोडतो."

गिरजाक्काला रडूच आलं. माणसात अजून माणूस आहे म्हणायचा! पाय दुखत होते, घशाला कोरड पडली होती. ती जीपकडं गेली. दार उघडलं.

"फकस्त येवढं कर," दत्तू म्हणाला. "रेडिएटर तापलाय. त्या बाटलीतलं जरा वत."

तिचा पाय वर, एक हात दारावर. आन् तिनं खाली बघितलं. गुडघाभर धोंडे. दोन्ही बाजूंनी दरडी. अगं बाई, इथं बैल उतरताना विचार करतो, इथं जीप आली कुठनं?

तिनं हात काढून घेतला. दार गार होतं. तापलेल्या गाडीचं दार असं गार, मढ्यासारखं! दिवे विझले. ना जीप, ना दत्तू. वाळूवर चाकाची खूणसुद्धा नाही. फक्त तो वास, सडक्या लसणाचा.

ती पळायला लागली. पन्नाशीची बाई, पिशवी पोटाशी, पळते आहे. वाट वळली, आन् वळणावर तिचे पाय थिजले.

ओढ्याच्या दोन्ही काठांनी माणसं उभी होती. ओळीनं. हापशाला नंबर लावतात तशी. चंद्र वर होता, तोंडं स्वच्छ दिसत होती. तात्या माळी, किडनी जाऊन मेला तो. हौसा कोळीण, तीही मेलेली. बापू गवळी, किटली हातात. प्रत्येकाच्या हातात भांडं. तांब्या, कळशी, फुलपात्र. नुसती भांडी पुढं.

वाट त्यांच्या मधनंच होती. गिरजाक्का मान खाली घालून निघाली. भांडी अंगाला घासत होती. आक्का, आक्का, इतकंच पुटपुटणं. "न्हाई रं तात्या. माफ कर गं हौसा. न्हाई." डोळ्यांतनं धारा. आयुष्यभर सुखदुःखाला धावलेली माणसं, आन् पाण्याला नाही म्हणायचं! जीव तुटत होता तिचा.

ओळ संपली. संपली असं वाटलं. आन् अगदी शेवटी, वाटेच्या मधोमध, दोन लहानगी उभी. उघडी. एवढीएवढीशी. त्यांच्या हातात भांडं नव्हतं. नुसत्या ओंजळी धरलेल्या.

"आजी," थोरलं म्हणालं. "पानी."

आजी! तिला आजी म्हणणारं या जगात कुणी नव्हतं. दोन होणार होती, दोन्ही गेली. कुणी सांगायची गरज नव्हती तिला. पिशवी कधी उघडली कळलं नाही. बाटली हातात, नख लाखेखाली. टक्! एक टवका उडाला.

धाकट्यानं ओंजळ वर केली. चंद्राच्या उजेडात तिला बाटलीतलं पाणी दिसलं. पिवळं. आन् पलीकडं ते लेकरू, ओठ काळेनिळे.

गिरजाक्का ओरडली. असा आवाज तिच्या नरड्यातनं कधी निघाला नव्हता. "ह्याच पान्यानं गेलासा रं माज्या सोन्यांनो! ह्येच परत पाजू व्हय तुमास्नी? न्हाई द्याची! आजी हाय म्या तुमची. न्हाई द्याची!"

आन् ओढ्याला पाणी आलं. कोरड्या ओढ्याला! खालनं, वाळूतनं. घोटे बुडाले. गुडघे बुडाले. पिवळं, उष्ण, वासाचं. मागनं शेकडो भांडी एकदम बुडवल्याचा आवाज, बुड् बुड् बुड्. पाणी कंबरेला, छातीला. तिनं बाटली डोक्यावर धरली, दोन्ही हातांनी, आन् तशीच रेटत निघाली. हनुवटीला पाणी लागलं, तेव्हा पायाला दरड लागली. कशी चढली, तिचं तिलाही सांगता येत नाही.

फाट्यावर तांबडं फुटत होतं. मुजावर वकीलबाई स्कूटरपाशी उभी. तिला दिसलं ते असं: गिरजाक्काची साडी कोरडी ठणठणीत, चपला कोरड्या, आन् केसांतनं मात्र पिवळं पाणी गळतंय. वकीलबाईनं आधी बाटली घेतली, उजेडात धरली. लाखेचा टवका गेला होता, पण ठसा शाबूत होता. मग तिनं गिरजाक्काला जवळ घेतलं आन् दोघी तिथं रस्त्यावरच रडल्या.

तपासनिसानं बाटली घेतली. त्यात काय काय निघालं त्याची नावं मला घेता येत नाहीत. कोर्टानं हुकूम काढला, कंपनीची बोअर सिमेंटनं बंद, घरोघरी टँकर. रूपालीला दिवस भरून मुलगी झाली, तुमच्यासारखीच वांड आहे. माळावरच्या लोकांनीही मग फुकटचा वकील मागितला. भरपाईचा दावा अजून चालू आहे. पण बाबांनो, जमिनीच्या पोटात गेलेलं पाणी कोर्टाचा हुकूम वाचत नाही. ते आहे तिथं आहे.

गिरजाक्का दर वद्य अष्टमीला टँकरच्या चांगल्या पाण्यानं दोन फुलपात्रं भरते, आन् दिवस मावळायच्या आत ओढ्याच्या काठावर ठेवून येते. आत उतरत नाही. त्या दोघांसाठी. आजीच ती, तिला राहवत नाही. सकाळी जाऊन बघते, तर फुलपात्रं भरलेली असतात, थेंबही कमी झालेला नसतो. आन् पाणी पिवळं झालेलं असतं.

म्हणून सांगतो, त्या वाटेनं जायचं नाही. फाटा जवळ पडतो म्हणून नाही, सोबत आहे म्हणूनही नाही. ज्या सकाळी त्या फुलपात्रांतलं पाणी नितळ राहील, त्या दिवशी मी स्वतः पुढं होऊन तुम्हाला ओढ्यातनं नेईन. परवा अष्टमी झाली. मी गेलो होतो तिच्याबरोबर बघायला. अजून पिवळंच आहे.