आठवी गोळी

औषधांच्या विम्याची योजना निवडणं हा उतारवयातला सर्वांत गंभीर निर्णय आहे, असं आमच्या विस्कॉन्सिनमध्ये मानतात. म्हणून तो आम्ही दर डिसेंबरात, पुढच्या वर्षासाठीची मुदत संपायच्या आदल्या दिवशी, औषधाच्या दुकानात रांग लावून घेतो. माझ्या पुढे म्हातारा ऑरविल आणि त्याची बायको व्हर्ना होती. काउंटरमागची इंग्रिड व्हर्नाने लिहून आणलेली यादी कॉम्प्युटरवर भरत होती.

"काका, यातली आठवी गोळी एकही योजना देत नाही."

"झालं! म्हणजे जानेवारीपासून माझं कठीण आहे."

"नीट बघ गं इंग्रिड. सांध्यांची आहे ती. तिच्याशिवाय पायरीसुद्धा चढवत नाही."

"मावशी, ही देता कशी?"

"संध्याकाळी, चीजमध्ये गुंडाळून."

"मला कधी दिलंस चीज?"

"तुम्हाला कशाला? वॉल्टरला देते."

"वॉल्टर म्हणजे तुमचा कुत्रा ना, मावशी?"

"कपाटातल्या सगळ्या गोळ्या लिही, असं हेच म्हणाले होते."

"अगं, आणि मला इथे घाम फुटला!"

"काका, तुमच्या सातही गोळ्या आत्ताच्याच योजनेत पुढच्या वर्षीही मिळतील."

"सुटलो! मग सही कुठे करू?"

"कुठेच नाही. काही केलं नाही, तर जुनी योजना आपोआप चालू राहते."