ओहळाचा काठ आणि सोयीची बदली

आजच्या समारंभाचे अध्यक्ष माननीय बाजीरावजी, मंचावर बसलेले वनखात्याचे मोठे साहेब, आमच्या स्वप्नाताई, त्यांच्या मातोश्री चंद्रभागाबाई आणि गोडादऱ्यातल्या माझ्या बंधुभगिनींनो,

मी चंचल. ताईंसारखीच याच वस्तीत वाढले. सध्या उमरपाड्याच्या बाजूला एका आदिवासी गावातल्या दवाखान्यात नर्स आहे. निरोपाचं भाषण आहे, गोड बोल, असं मला बजावलंय. प्रयत्न करते.

माझ्या आधीच्या वक्त्यांनी ताईंची 'सोयीची बदली' झाली म्हटलं. सोय कुणाची, ते मात्र राहून गेलं.

माझा दवाखाना ज्या गावात आहे, त्याच्या वरच्या जंगलात यंदा सागाची तोड निघाली. परवान्यातच अट होती, की ओहळाच्या दोन्ही काठांची झाडं तोडायची नाहीत आणि ओंडके पाण्यातून ओढायचे नाहीत. कारण खाली गाव तेच पाणी पितं. ठेकेदारानं काठ साफ केला आणि ट्रॅक्टर थेट ओहळात घातला. पाणी चहासारखं झालं, वर डिझेलचा तवंग.

गावातल्या मंगलाबेन हंडा घेऊन दवाखान्यात आल्या. "बेन, हे ढोरं पण पीत नाहीत. आम्ही काय पिवू?" दुसऱ्या दिवशी त्या नातीला घेऊन आल्या. जुलाबांनी पोरीचे डोळे आत गेले होते. सलाईन लावायला मला शीर सापडेना. बाकी खाटाही भरल्या. मी ताईंना फोन केला.

ताई वनखात्याच्या त्या रेंजच्या अधिकारी. तडक आल्या, दवाखाना पाहिला आणि तशाच जंगलात गेल्या. मीही सोबत होते. ठेकेदार हसत म्हणाला, "मॅडम, झाडं काय, पुन्हा फुटतात."

"फुटतील. पण पावसात हा काठ वाहून गेला, तर माती तू आणून घालणार?"

ट्रॅक्टर जप्त झाला. तोड थांबली. तेवढ्यात ताईंचा फोन वाजला. पलीकडून कोण बोलत होतं, ते मंचावर बसलेले साहेब जाणतात. मी फक्त ताईंचं ऐकलं. "सर, लेखी हुकूम द्या, लगेच सोडते."

लेखी हुकूम आला, साहेब. पण ट्रॅक्टरचा नाही, ताईंच्या बदलीचा! ज्या बाईनं गावाचं पाणी वाचवलं, तिला सचिन गावाजवळच्या रोपवाटिकेत पिशव्यांत माती भरून घ्यायला बसवलं. आणि आपण इथे टाळ्या वाजवतोय? कशाच्या?

मंगलाबेनची नात वाचली. ओहळ निवळला होता. पण काल मंगलाबेनचा फोन आला. ट्रॅक्टर सुटलाय, पुन्हा पाण्यात उतरलाय. गावच्या बाया उद्या सकाळपासून ओहळात बसणार आहेत. मी रजा टाकलीय, त्यांच्यात बसेन. अध्यक्ष महाराज, माझ्या गाडीत अजून जागा आहे.

चंद्रभागामावशी, तुमच्या लेकीला शाल दिली, त्यात आमचा जीव आहे. हा समारंभ ठेवणाऱ्या मंडळाचे आणि तुम्हा सर्वांचे आभार. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल, तर स्वप्नाताईंनी आणि मावशींनी मला क्षमा करावी. साहेबांकडे मात्र मी क्षमा मागत नाही. त्यांनी ती मंगलाबेनच्या नातीकडे मागावी.