बदामाखालचा माणूस

—आणि फुलं कशाला गं आणलीस एवढी? ठेव त्या बादलीत. बस आधी, आमच्या गावचा चढ म्हणजे जीव घेतो माणसाचा. बदाम खा, घरचेच आहेत. हां, तर वेल्सहून आलीस, आजोबांना शोधत. अडतीस साली इथं स्पेनमध्ये, एब्रो नदीकाठी लढायला आले ते परत गेलेच नाहीत. सगळ्यांचं हेच असतं बघ. भांडण आमचं, भाऊ भावाचा गळा धरतोय, आणि ही माणसं बायकापोरं टाकून आमच्यासाठी मरायला आली — वेडी म्हणायची का देवमाणसं? मी तेव्हा सात वर्षांची, मला काय कळतंय! पण तो एक आठवतो. लढाई पुढं सरकली तेव्हा बाबांना आमच्या बदामाखाली सापडला. तिथंच पुरला. बूट काढून घेतले — हो, घेतले, खोटं कशाला बोलू, बाबा अनवाणी होते. पण पुरला नीट, हात छातीवर ठेवून. दर नोव्हेंबरात, संतांच्या सणाला, आई तिथं फुलं ठेवायची, चोरून. त्याची बाजू हरली होती ना, कुणी पाहिलं असतं तर सरळ तुरुंग. आई गेल्यावर मी ठेवायला लागले.

नाव? नाव कुठलं! खिशात एक फोटो होता तेवढा. तो मी गादीखाली लपवलेला. पायरीवर बसलेली बाई, मांडीवर बाळ, आणि बाळाच्या एकाच पायात मोजा — मला त्याचं फार हसू यायचं. मागं काहीतरी लिहिलेलं, पण तुमची भाषा आमच्यात वाचणार कोण? मग शिपाई घरांच्या झडत्या घ्यायला लागले, आणि आईनं तो चुलीत घातला. दोन दिवस जेवले नाही मी.

आता? आता तिथं... थांब, सांगते ना. बारा वर्षांपूर्वी डेन्मार्कहून एक म्हातारी आलेली, इंगेबोर्ग. ऐंशी वर्षांची, काठी टेकत, भावाला शोधत. माझे हात धरून म्हणाली, उंच होता ना? केस पिवळे होते ना? मी म्हटलं, हो. अगं, सात वर्षांच्या पोरीला सगळेच उंच! आणि केस मातीनं भरलेले. पण तिच्या तोंडाकडे बघून नाही म्हणवेना. कचेरीत जाऊन, तो हिचाच भाऊ, असं शपथेवर लिहून सही केली मी. हाडं उकरून पेटीत घालून घेऊन गेली बिचारी. पुढच्या वर्षी वारली, तर दोघांची राख एकत्रच समुद्रात सोडली, पुतणीनं पत्र लिहून कळवलं. म्हटलं, सुखानं गेली. कुणाचं काय बिघडलं त्यात? सांग ना, कुणाचं बिघडलं?

काय काढतेस पिशवीतून? फोटो? दे इकडे. चष्मा... हां.

ही पायरी. हा... हा मोजा.

हे बाळ कोण गं? तुझी आई? आहे अजून? — वाट बघत दाराशी बसून असेल. नको, हात नको धरूस माझा. इंगेबोर्गनं असाच धरला होता.

आईला सांग की — नाही, काही सांगू नकोस. मला विचारू नकोस काय सांगायचं ते. जा तू. बस सुटेल तुझी. आणि ती फुलं ने परत. बदामाखाली कुणी नाही.