ब्रिनची सही

(नेब्रास्का. एका लहान गावातल्या कम्युनिटी कॉलेजचं नोंदणी कार्यालय. नोव्हेंबरातला शुक्रवार, संध्याकाळचे साडेचार. काउंटरच्या आत कॉरीन, बाहेर लोवेल कुबिचेक, हातात एक घडी घातलेलं पत्र.)

लोवेल : ...म्हणजे ऑगस्टमध्ये माझी सही चालली, आणि आता चालत नाही?

कॉरीन : तेव्हा चालली, लोवेलकाका. शाळेतल्या पोरीला कॉलेजचा विषय घ्यायचा तर घरच्यांची संमती लागते. ती तुम्ही दिलीत. तिथं तुमचं काम संपलं.

लोवेल : अगं, सोळा वर्षांची आहे ब्रिन. सकाळी एका पायात निळा मोजा, एका पायात पांढरा. आई ओमाहात नोकरीला, पोरगी माझ्या घरात, आणि काम संपलं म्हणे!

कॉरीन : असेल. पण कॉलेजचा विषय घेणारी पोरगी आमच्या लेखी कॉलेजची विद्यार्थिनी. तिचे मार्क, तिची हजेरी, सगळं तिच्या मालकीचं. तिनं लिहून दिल्याशिवाय मी आजोबांनाही काही सांगू शकत नाही. नात इथं शिकते की नाही, एवढंसुद्धा नाही.

लोवेल : शिकते की नाही! मग मी अडतीस मैल ट्रक हाकत येतो तो काय हवा खायला? तो बघ, खिडकीतून दिसतोय.

कॉरीन : ट्रक दिसतोय. त्यातून कोण उतरतं, मला माहीत नाही.

लोवेल : गोदामाच्या काट्यावर तुझ्या बापाचा मका मी एकतीस वर्षं तोलला, कॉरीन. एका दाण्याचा फरक नाही.

कॉरीन : ठाऊक आहे. यंत्र लावायच्या आधी दाणा दाताखाली चावून ओलावा सांगायचात, आणि बाबा म्हणायचे, यंत्र चुकेल, लोवेल नाही चुकणार. आता मला सांगा, शेजारच्या व्होबोरिलचा मका किती भरला, हे बाबांना कधी सांगितलंत?

लोवेल : छे!

कॉरीन : त्यांनी विचारलं नाही?

लोवेल : दर वर्षी विचारायचा. भोचक होता तुझा बाप. पण ज्याचा माल, त्याची चिठ्ठी.

कॉरीन : मग?

लोवेल : ...बरी अडकवलीस.

कॉरीन : एकतीस वर्षं तुमच्याकडूनच शिकलो आम्ही.

लोवेल : बरं, तिचं नको सांगूस. नियम तर सांगशील? हे पत्र तिच्या शाळेतून आलंय, समुपदेशक पावेल्काबाईंचं. कॉलेजच्या इंग्रजी लेखनात एकोणसाठ टक्के. आज पाचपर्यंत नाव काढलं नाही तर पुढं काढता येणार नाही, असं लिहिलंय. बरोबर?

कॉरीन : नियम सगळ्यांसाठी आहे, तो सांगते. आज पाचच्या आत नाव काढलं, तर नोंदीत फक्त ‘सोडला’ असं राहतं. फी परत मिळत नाही, क्रेडिटही नाही. पाचनंतर मात्र जे पडेल ते पडेल. सत्तर किंवा त्याच्या वर गेलं तर ते क्रेडिट कुठल्याही विद्यापीठात धरतात. नापास झालं तर तेही धरतात.

लोवेल : म्हणजे जन्मभर.

कॉरीन : कॉलेजची नोंद आहे काका. ती पुसली जात नाही.

लोवेल : ते मला नको सांगूस. नाव काढायचा फॉर्म दिलास मघाशी, तो मी भरलाय. घे.

कॉरीन : खाली सही?

लोवेल : करतो की.

कॉरीन : तुमची नाही. विद्यार्थ्याची.

ब्रिन : आजोबा! अहो, तुम्ही बाहेर ट्रकमध्ये थांबणार होतात ना? मी सगळं पार्किंग पालथं घातलं. म्हटलं, म्हातारा शाळेच्या मॅचला एकटाच पळाला.

लोवेल : आलीस? बरं झालं. इथं एक सही कर.

ब्रिन : हे काय आहे? माझं नाव... इंग्रजी लेखन... अक्षर तुमचं. आणि ही जन्मतारीख माझी नाही, आईची आहे.

लोवेल : घाईत लिहिली. सही महत्त्वाची.

ब्रिन : नाव काढायचा फॉर्म! माझं? तुम्हाला कुणी सांगितलं?

लोवेल : पावेल्काबाईंनी. एकोणसाठ! आणि तू मला रोज काय सांगतेस? ‘चाललंय मस्त.’

ब्रिन : मस्तच चाललंय. मी नाही काढणार नाव.

लोवेल : ब्रिन, हट्ट नको. पंचवीस मिनिटं राहिलीत.

ब्रिन : ऐकून तर घ्या. पहिल्या निबंधाला अठ्ठेचाळीस पडले.

लोवेल : अठ्ठेचाळीस! हिला लाज नाही बघ.

ब्रिन : दुसऱ्याला सत्तर. दोन्हींची सरासरी एकोणसाठ, ती त्या पत्रात. तिसरा आज दुपारी परत मिळाला. अठ्ठ्याऐंशी.

लोवेल : किती?

ब्रिन : अठ्ठ्याऐंशी. तिन्ही मिळून झाले दोनशे सहा. पाच निबंधांचे साडेतीनशे हवेत. उरले एकशे चव्वेचाळीस. म्हणजे पुढच्या दोन्हींत बहात्तर-बहात्तर पडले की सत्तर झाले. आणि मी बहात्तरवर थांबणारी नाही.

लोवेल : गणित चोख आहे, मान्य. पण अठ्ठेचाळीस पडलेच कसे? शाळेत तर इंग्रजीत पहिली असतेस.

ब्रिन : शाळेत पाच परिच्छेदांचा साचा असतो. आधी सांगायचं काय सांगणार, मग ते सांगायचं, मग काय सांगितलं ते सांगायचं. मी तसाच लिहिला. प्राध्यापिकेनं खाली एकच ओळ लिहिली, ‘हे सगळ्यांना माहीत आहे, तुला काय माहीत आहे ते लिही.’

लोवेल : हात् मेली!

ब्रिन : नाही, बरोबर होतं तिचं. मी दोन दिवस रडले, मग तिच्याकडे जाऊन बसले. दर मंगळवारी अर्धा तास बसते.

लोवेल : म्हणून मंगळवारी उशीर! मला म्हणालीस लायब्ररी.

ब्रिन : खरं सांगितलं असतं तर तुम्ही त्याच दिवशी नाव काढायला लावलं असतं.

लोवेल : लावलंच असतं. हे बघ पोरी, मला तुझ्या हुशारीबद्दल शंका नाही. पण चार वर्षं कॉलेज, मग चार वर्षं जनावरांची डॉक्टरकी. आपल्यासारख्यांना एवढं परवडतं थोडंच? म्हणून तर पावेल्काबाईंनी ही वाट दाखवली. लिंकनच्या विद्यापीठात जो विषय घ्यायला लागतो, तोच इथं शाळेत असताना पाव किमतीत. सहा विषय झाले की अर्ध्याहून जास्त वर्ष वाचलं. माझा त्याला विरोध नाही. पण पहिलाच नापास झाला तर शाळा पुढचे पाच घेऊ देणार नाही. आज सोडलास तर वसंतात दुसरा घेता येईल. एक पाऊल मागं, एवढंच.

ब्रिन : आणि दुसऱ्यातही पहिल्या महिन्यात अठ्ठेचाळीस पडले तर? परत एक पाऊल मागं?

लोवेल : तोंडाला तोंड देऊ नकोस.

ब्रिन : तुम्ही गारपिटीत पीक झोपलं तरी घाबरत नाही. आज अक्षर वाकडंतिकडं आलंय तुमचं. का?

लोवेल : थंडी आहे.

कॉरीन : हीटर चालू आहे, काका.

लोवेल : तू गप गं. ...ब्रिन, मी या कॉलेजात होतो.

ब्रिन : तुम्ही?

लोवेल : एकोणीसशे सत्याहत्तर साली. तेव्हा ही इमारत नव्हती, पत्र्याची शेड होती. इंग्रजी लेखन, हाच विषय. ऑक्टोबरात मका कापणीला आला, बाबा म्हणाले, आठवडाभर थांब. आठवड्याचे चार झाले. मग तोंड दाखवायची लाज वाटली, जायचंच बंद केलं. मला वाटलं, गेलो नाही की संपलं. नाव काढायला कागद भरावा लागतो, हे आमच्या घरात कुणाच्या गावीही नव्हतं. दोन वर्षांनी लिंकनला शेतीच्या यंत्रांचं शिकायला अर्ज केला. त्यांनी पत्र पाठवलं, तुमच्या नोंदीत नापास आहे, आधी ते भरून काढा. मी ते पत्र शेगडीत घातलं, आणि दुसऱ्या दिवशी धान्याच्या गोदामात काट्यावर जाऊन उभा राहिलो. बेचाळीस वर्षं उभा होतो.

ब्रिन : हे मला कधीच सांगितलं नाहीत.

लोवेल : आपल्या पायावरचा धोंडा कोण मिरवतं? खोटं वाटत असेल तर विचार हिला. असेल अजून त्यांच्या दप्तरात.

ब्रिन : कॉरीनमॅडम, आहे?

कॉरीन : मला सांगता येणार नाही.

लोवेल : अगं, मी उभा आहे ना समोर!

कॉरीन : तुम्हाला सांगेन. हिला नाही. तुमची नोंद आहे, तुमची सही लागेल. साल कुठलंही असो.

लोवेल : ज्याचा माल, त्याची चिठ्ठी.

कॉरीन : अगदी.

लोवेल : आण तो नोंद दाखवायचा फॉर्म. बघू दे हिला, कशाला घाबरतो मी ते. पेन दे. ...ही घे सही. ओळखपत्र पण हवं? हे घे. फोटोतला मीच आहे, केस तेवढे गेले.

कॉरीन : थांबा, जुनं आहे, शोधावं लागेल. ...सापडलं. एकच पान आहे. छापून देते.

लोवेल : दे तिच्या हातात.

ब्रिन : कुबिचेक, लोवेल. शरद सत्र, एकोणीसशे सत्याहत्तर. इंग्रजी लेखन, नापास. ...आजोबा, खाली आणखी एक ओळ आहे.

लोवेल : असेल काहीतरी.

ब्रिन : वेल्डिंग. अ श्रेणी.

लोवेल : हां. ते संध्याकाळी असायचं. कापणीवरून आलो की तोंड धुऊन जायचो.

ब्रिन : रोज?

लोवेल : रोज. आवडायचं मला.

ब्रिन : मग दोन ओळींचं पान आहे, आणि सत्तेचाळीस वर्षं तुम्ही एकच ओळ वाचताय!

लोवेल : लिंकनवाल्यांनी तीच वाचली.

ब्रिन : त्यांचं सोडा. तुम्ही जिथं गेलात तिथं अ, आणि जिथं गेला नाहीत तिथं नापास. तुम्हाला इंग्रजी आलं नाही असं कुठं लिहिलंय यात? मॅडम, मलाही तोच फॉर्म द्या. माझी नोंद यांना दाखवायचा.

कॉरीन : विचार करून सही कर हं. एकदा दिलीस की पुढं कधीही येऊन विचारतील. हे तर दर सोमवारी येतील.

ब्रिन : येऊ देत. झाली सही. आता दाखवा त्यांना. मार्क नाही, हजेरी.

कॉरीन : इकडे या काका, या पडद्यावर बघा. हा उजवीकडचा रकाना. एकूण वर्ग सत्तावीस.

लोवेल : आणि हिची हजेरी?

कॉरीन : सत्तावीस.

लोवेल : मध्ये ताप होता ना तुला? तीन दिवस?

ब्रिन : शाळेला दांडी मारली होती. इथं आले होते. तुम्हीच आणलंत, मागच्या सीटवर ब्लँकेट घालून. विसरलात?

लोवेल : ...नाही विसरलो.

ब्रिन : मी जायचं बंद केलं नाही आजोबा. करणारही नाही. नापास व्हायचीच असेन तर वर्गात बसून होईन. पण नाही व्हायची.

कॉरीन : चार वाजून छप्पन. काका, मला दार लावायचंय. नाव काढायचा फॉर्म घ्यायचा आहे की नाही, तेवढं सांगा.

लोवेल : मला काय विचारतेस? सही कुणाची लागते?

कॉरीन : तिची.

लोवेल : मग तिला विचार.

ब्रिन : नाही घ्यायचा.

लोवेल : ऐकलंस? दे तो कागद इकडे. मागची बाजू कोरी आहे, सामानाची यादी होईल. तसाही त्यावर हिच्या आईचा वाढदिवस लिहिलाय.

कॉरीन : वसंत सत्राची नावनोंदणी सोमवारपासून आहे. संख्याशास्त्राच्या जागा लवकर भरतात. हे मी सगळ्यांनाच सांगते.

लोवेल : त्याला संमती कुणाची?

कॉरीन : घरच्यांची.

लोवेल : म्हणजे माझं काम अजून संपलेलं नाही तर! सोमवारी आठला येतो.

कॉरीन : साडेआठला उघडतं.

लोवेल : मग अर्धा तास दारात उभा राहीन. सवय आहे. चल ब्रिन, सातला मॅच आहे. गाडी दामटली तर पहिल्या रांगेत जागा मिळेल.

ब्रिन : तुमचं हे पान मी ठेवू?

लोवेल : ठेव. सही दिलीय ना तुला. ...आणि काय गं, त्या तिसऱ्या निबंधात असं काय लिहिलंस, की बाई एकदम अठ्ठ्याऐंशीवर गेली?

ब्रिन : काही नाही. मक्याच्या ओलाव्यावर आहे.

लोवेल : ओलाव्यावर? त्यात लिहिण्यासारखं काय आहे?

ब्रिन : एक माणूस काट्यावर उभा असतो. यंत्र लावायच्या आधी दाणा चावतो आणि डोळे मिटतो. तो डोळे का मिटतो, त्यावर चार पानं आहेत.

लोवेल : ...दप्तरात आहे?

ब्रिन : आहे.

लोवेल : मग गाडीत वाच. मोठ्यानं. मी सावकाश चालवतो.