एकाच गाडीतून तारखेला

ओरेस्ट: गाडीचं दार ओढून घे, वारा आत येतोय. काय म्हणाला कोर्टाचा कारकून?

लिनेट: न्यायाधीश निघालेच नाहीत. वादळाने सस्काटूनकडचा रस्ता बंद आहे. आता मार्चमधली तारीख. तीही इथे नाही, विलो क्रॉसिंगला.

ओरेस्ट: म्हणजे याच्याही पुढचं गाव. आपल्या गावचं कोर्ट काय वाईट होतं? तिथे आता योगाचे वर्ग चालतात.

लिनेट: आणि आपण यायचं इथे बर्फावरच्या कर्लिंग खेळाच्या हॉलमध्ये, कॉफीच्या यंत्राशेजारी बसून लेक कोणाकडे राहायची ते ठरवायला.

ओरेस्ट: तुझ्या वकिलाने पाहिलं आपल्याला गाडीतून उतरताना.

लिनेट: कपाळाला हात लावला त्याने. म्हणे, ज्या नवऱ्याशी भांडताय त्याच्याच गाडीतून येता? म्हटलं, बस कधीची बंद झालीय, मग काय उडत येऊ?

ओरेस्ट: त्याचं काय चुकलं? शपथपत्रात तूच लिहिलंयस, हा माणूस बर्फात गाडी बेफाम हाकतो, लेकीला, डारकाला, याच्याकडे ठेवू नये.

लिनेट: आत्ता नको ना तो विषय. जीव थकलाय माझा.

ओरेस्ट: माझाही थकलाय. चौथी खेप ही. पण एकदा तरी घसरलीय का गं गाडी?

लिनेट: नाही.

ओरेस्ट: मग?

लिनेट: मला रेजायना शहरात नोकरी लागलीय, लेकीला सोबत न्यायचंय. वकील म्हणाला, बापात काहीतरी खोट दाखवावी लागेल. रात्रभर विचार केला. दारू तू पीत नाहीस, हात कधी उगारला नाहीस. दुसरं काही सापडलंच नाही, ओरेस्ट.

ओरेस्ट: परवा डारकाला शाळेतून आणत होतो. अख्खा रस्ता दाराची मूठ घट्ट धरून बसली होती. आधी कधी नाही बसली अशी.

लिनेट: वकिलाशी माझं फोनवरचं बोलणं ऐकलं असेल तिने.

ओरेस्ट: असेल. मी काही विचारलं नाही. आणखी हळू चालवली, बस.

लिनेट: मार्चमध्ये खरं काय ते सांगते मी न्यायाधीशांना.

ओरेस्ट: मग पोर माझ्याकडे राहील.

लिनेट: कळतंय मला.

ओरेस्ट: आणि तू रेजायनात एकटी.

लिनेट: आता रडवू नकोस रे.

ओरेस्ट: नाही रडवत. सीट मागे कर, झोप जरा. खूप जायचंय अजून आपल्याला.